रोवणीचा निबंध

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला सदर भागातल्या आमच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. अकरावीच्या मुलांना मी ‘आमच्या घरचं काम’ यावर निबंध लिहून आणायला सांगितलं होतं, आणि तपासायला बसले तर नुकत्याच प्रिंट काढून आणलेल्या नऊ निबंधांची सुरुवात अक्षरशः एकच, डोकंच उठलं. त्यातला एक निबंध कुही गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीचा होता. तिला बोलावून विचारलं, “हे तू लिहिलंस?” “नाही मॅडम, एआयनं,” ती सरळ म्हणाली. “मी लिहिलं की तुम्ही पूर्ण पान लाल करून टाकता. तो व्याकरणही समजावून सांगते, कितीदा विचारलं तरी चिडत नाही.” मी चिडूनच म्हटलं, “मग घरी धानाची रोवणी कशी करता ते तोंडी सांग.” भाताची रोपं लावताना चिखलात रुतणारे पाय, वाकून भरून आलेली कंबर, आईच्या पुढे जायची धडपड, असं ती सांगत राहिली आणि मी पेन खाली ठेवला. “हेच लिही,” म्हणाले. “घरी बोलतो तसं ‘मले’ लिहू का ‘मला’?” तिनं विचारलं. परीक्षेतले गुण डोळ्यांपुढे आले आणि मी “मला” म्हणाले. एआयवर मी आजही वैतागते, पण माझ्या त्या उत्तरावर जास्त.