नाव नसलेलं टिपण

चैत्रातल्या त्या दुपारी ठाण्याच्या एका ग्रंथालयात जुन्या कागदांचा आणि डांबरगोळ्यांचा दर्प कोंडला होता, आणि उंच खिडकीतून उतरलेलं ऊन टेबलावर पिवळं, निश्चल पसरलं होतं. खाडीकाठच्या मिठागरांत राबणाऱ्या स्त्रियांच्या गाण्यांवर मी पीएच.डी. करत होते. पहिलं प्रकरण मार्गदर्शकांना देऊन झालं होतं. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा पुरा करण्यासाठी तिथला एक टंकलिखित, कधीच न छापलेला प्रबंध तेवढा पाहायचा राहिला होता.

त्याच्या मधल्याच एका पानावर मला माझा परिच्छेद भेटला.

ही गाणी श्रम हलके करण्यासाठी नसून डोळ्यांदेखत आटत जाणाऱ्या पाण्याला दिलेला निरोप आहेत, हा विचार. त्याच चार वाक्यांत, त्याच क्रमाने. सरांनी याच परिच्छेदाखाली रेघ ओढून ‘हे खास तुमचं’ असं लिहिलं होतं. समोरचे गृहस्थ वर्तमानपत्र चाळत होते. ते माझ्याकडेच पाहताहेत असं वाटून मी घाईने प्रबंध मिटला.

एम.ए.ला असताना याच ग्रंथालयात बसून टिपणं काढली होती, हे परतताना आठवलं; घरी येऊन त्या वह्या उपसल्या. पेन्सिलीने उतरवलेली तीच वाक्यं, माझ्याच अक्षरात, खाली ना नाव ना पृष्ठांक. वर्षांच्या ओघात ती नकळत माझी होऊन बसली होती. पण नकळत, हे कोण मानणार? महाविद्यालयातली नोकरी, वर्गातला माझा शब्द, सारं डोळ्यांपुढे हलू लागलं. आणि मग दुसरा विचार आला: प्रबंधाची ती एकच प्रत, गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही. पकडलं जाण्याहून मला याच विचाराची भीती अधिक वाटली, कारण दोन दिवस तो माझ्या मनात सुखाने राहिला.

तिसऱ्या दिवशी पत्ता मिळवून कोपरला गेले. प्रबंधाच्या लेखिका सुमतीबाई, निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरीच्या. आतून उकडलेल्या कैरीचा आंबूस वास येत होता. त्यांनी माझ्या प्रकरणाचं पान आणि वहीतलं टिपण शेजारी ठेवून वाचलं आणि चष्मा काढला.

“घाबरून आलात ना?”

“हो, बाई.”

“मग ऐका. हे माझंही नाही. मिठागरात चंद्राबाई म्हणून होत्या, त्यांनी बोलता बोलता सांगितलेलं. मी ते शुद्ध मराठीत मांडलं आणि त्यांचं नाव घालायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं. पुढे पुस्तक काढायला धीरच झाला नाही. आता लिहाल तेव्हा हेही लिहा.”

“त्यांचं आडनाव?”

“विचारलंच नाही हो मी.”

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “प्रकरण परत घ्या. विद्यापीठाच्या संशोधन समितीला तुमच्या हातानेच कळवा. काय ठरेल ते मी सांगू शकत नाही.”

कळवलं. उत्तर अजून यायचं आहे; फोन वाजला की आधी नंबर पाहते. आढावा नव्याने लिहिते आहे, आणि प्रत्येक चांगल्या वाक्यापाशी हात थबकतो.

काल संदर्भसूचीला बसले. आधी आडनाव, मग नाव, वर्ष, ग्रंथ, प्रकाशक अशी तिथली रीत. सुमतीबाईंची नोंद सहज झाली. त्यानंतर कितीतरी वेळ कोऱ्या ओळीकडे पाहत होते. शेवटी नुसतं ‘चंद्राबाई’ लिहिलं, आणि अलीकडची, पलीकडची जागा तशीच मोकळी ठेवली.