लांब नावाचा आजार

सगळी गल्ली त्याला 'डिक्शनरी' म्हणायची आणि तो ते ऐकून घ्यायचा, हीच मुळात फसवणूक. नोकरी काय, तर स्कॅनिंग सेंटरमध्ये टायपिस्टची. डॉक्टर आतल्या खोलीत रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करणार, हा बाहेर कानात इअरफोन खुपसून तो टाइप करणार. हेपॅटोमेगॅली म्हणा, स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणा, त्याचं स्पेलिंग चुकायचं नाव नाही. शब्द कानातून शिरायचे आणि बोटांतून निघून जायचे; वाटेत डोकं लागायचं, तिथे मात्र एकही थांबत नसे. पोस्टमनला कुणी पत्रातला मजकूर विचारत नाही, मग लोक रिपोर्टचा अर्थ मलाच का विचारतात, असं तो स्वतःशी म्हणायचा. पण विचारलं की सांगायचाच. खोड, दुसरं काय!

आणि सांगायचा तरी काय? त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता: नाव जितकं लांब, तितका आजार किरकोळ. "टीबी बघा. दोन अक्षरं, पण माणूस वाळून जातो. आणि हे तुमचं? ओळभर आहे! वय झालं की होतं, पाणी भरपूर प्या." लोक खूश होऊन चहा पाजायचे. बायको म्हणायची, "एक दिवस तोंडावर आपटाल." त्यावर याचं उत्तर तयार, "आपटलो तर त्यालाही एक लांब नाव असेल."

तर या विद्वानाची मोठी बहीण अक्का. तिला मधूनच छातीत धडधड व्हायची, घामाने डबडबून जायची, चेहरा पांढराफटक पडायचा. डॉक्टर गाठेपर्यंत बाई पुन्हा ठणठणीत. मुलगा म्हणाला टेन्शन, सून म्हणाली नाटकं. "मनाचे खेळ असतात गं, चहा कमी कर," असं सांगून डिक्शनरीनेही हात झटकले. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी अक्काचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि तिला स्कॅनला पाठवलं. ते नेमकं याच्याच सेंटरमध्ये.

दुपारी इअरफोनमध्ये अक्काचं नाव आलं, वय आलं, आणि मागोमाग शब्द आला: फिओक्रोमोसायटोमा. बोटांनी तो सवयीने उतरवलाही. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, अरे, पण म्हणजे काय? सिद्धांताप्रमाणे त्याने खरं तर नाचायला हवं होतं, शब्दच एवढा लांबलचक. पण त्याने घाईघाईने फोन काढला. अर्थ शोधला, तर त्या एका शब्दाच्या पोटातून आणखी चार निघाले, आणि चारही त्याला झोकात टाइप करता येत होते. कपाळ!

बाहेर अक्का मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली होती. "काय रे, काय निघालं?"

"आलोच," म्हणून तो थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसला.

"साहेब, या शब्दाचा अर्थ काय?"

डॉक्टर हसले. "तू मला विचारतोस? पेशंट तर म्हणतात, बाहेरचे साहेब फार छान समजावतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. "साहेब, मला नुसतं टाइप करता येतं, कळत काही नाही. बाहेर बसलीय ती माझी बहीण आहे."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी मूठ वळली. ही किडनी. मुठीवर दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं. ही तिच्यावरची इवलीशी ग्रंथी, इथे गाठ दिसतेय. ही गाठ मनाला येईल तेव्हा रक्तात असा काही रस सोडते, की नुसतं बसलेल्या माणसाचंही काळीज वाघ मागे लागल्यासारखं पळायला लागतं. आधी तपासण्या करून खात्री करायची, मग औषधं, मग ऑपरेशन. "बहुतेक जण बरे होतात. पण अंगावर काढलं तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

त्याने बाहेर येऊन तशीच मूठ वळली आणि अक्काला सगळं सांगितलं. जिवावर बेतेल हेही सांगितलं. "मला माहीत नव्हतं गं. आत्ता विचारून आलो."

अक्काने त्याच्या मुठीवर बोट टेकवून बघितलं. "म्हणजे खरंच गाठ आहे?"

"दिसतेय तरी तसंच."

"मनाचे खेळ नाहीत?"

"नाहीत."

अक्काचे डोळे भरून आले. "घाबरू नकोस गं," हा म्हणाला.

"घाबरतंय कोण, मेल्या! तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, आपण ढोंग करतोय की काय." तिने नाक पुसलं. "काय नाव म्हणालास त्याचं? शिकव मला."

तो तिच्या शेजारी बसला आणि त्या शब्दाचे तुकडे करून एकेक तिला म्हणून दाखवायला लागला. अक्का अडखळली, चिडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अखेर सगळा शब्द तिच्या तोंडून असा खणखणीत निघाला, की काउंटरवरची मुलगी चमकून बघायला लागली.

"आता तू माझ्याबरोबर घरी चल," अक्का पिशवी सावरत उठली. "मी खोटं बोलत नव्हते, हे सगळ्यांसमोर सांग."

"सांगतो," तो म्हणाला. "खोटं मी बोलत होतो, तेही सांगतो."