गाठीचा शेजारपाजार बघणारी

माणसाच्या आधी त्याच्या आजूबाजूची चौकशी करणारी बाई साऱ्या सोलापुरात एकच, आणि ती माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. कॅन्सरच्या पेशींवर संशोधन हा तिचा उद्योग. पेशीच्या अंगावर बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण ये-जा करतात. गाठीभोवती प्राणवायू कमी पडला, आंबटपणा वाढला, दाटी झाली, की ही दारं भलत्या वेळी उघडझाप करतात आणि पेशी जागा सोडून भटकायला निघते, हे तिने मला मेथी निवडता निवडता शिकवलं. त्या नादात ती देठ ठेवून पानं टाकायची. कुणा एकट्यावर दोष टाकणं तिला जमायचंच नाही. रिक्षावाला खेकसला तर विचारायची, "त्याच्या मागे कोण हॉर्न वाजवत होतं?" नव्या पेठेत एकदा साडीचा रंग उन्हात कसा बदलतो ते बघायला ती साडी घेऊन थेट रस्त्यावर गेली. मागून दुकानदार धावला, "ओ मॅडम, कुटं नेताय?" तिने त्यालाही उन्हात उभं करून रंग समजावला. मी लाजेनं माझी चप्पल शोधत बसले.

एके दुपारी कढी ढवळताना माझ्या तोंडून निघून गेलं. माझ्या थोरल्या जावेला, अक्कांना, छातीत गाठ झाली तेव्हा मी तिशीतली. शहाणपण अंगात मावत नव्हतं. आंबटानं गाठ चिघळते म्हणून मी घरात चिंच, दही, लिंबू सगळं बंद केलं. लोणच्याची बरणी उंच फळीवर चढवली. अक्का म्हणायच्या, "अगं, लिंबाची फोड नुसती चाटू दे की." मी दिली नाही. शेवटपर्यंत नाही. वर स्वतःचीच पाठ थोपटत होते.

"गाठीभोवती आंबट असतं, तूच म्हणतेस. मग माझं बरोबरच होतं ना गं?"

तिने गॅस बारीक केला. "आजी, तो आंबटपणा गाठ स्वतःच तयार करते. ताटातलं लिंबू तिथवर पोचत नाही."

"म्हणजे दिलं असतं तर?"

"चाललं असतं." मग घाईने म्हणाली, "पण तेव्हा तुमच्या आजूबाजूचे सगळे तेच सांगत असतील."

"सगळे कुठले? मीच सांगत होते सगळ्यांना."

मग तिने एवढंच विचारलं, "अक्का कशा होत्या?" मी दिवेलागणीपर्यंत सांगत राहिले. कढी फुटली ती फुटलीच.

गेल्या वर्षी ती पुण्याला गेली. वर नवं बिऱ्हाड आलंय, सज्जन माणसं आहेत. पण त्यांना अक्का कोण इथपासून सांगावं लागेल, आणि सांगता सांगता त्या लिंबापर्यंत यावं लागेल. तेवढं धाडस माझ्याच्यानं एकदाच झालं.