पंडितरावांचं स्मरणपत्र

पंडितराव मेश्राम अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला मुलाकडे आले ते सहा महिन्यांसाठी, आणि अडकले. मुलाने, राकेशने, मोठ्या हौसेने त्यांच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरून टाकला होता. आता निकाल लागायच्या आत देश सोडला, की अर्ज बाद. "थोडे दिवस कळ काढा ना बाबा," राकेश म्हणायचा. थोडे दिवस म्हणजे किती, ते वकिलालाही सांगता येईना. बरं, अर्ज भरण्याआधी म्हाताऱ्याला कोणी विचारलं होतं का? नाव नको!

घर ऐसपैस, पण बोलायला माणूस नाही. बाहेर पडावं तर ऊन असं की चप्पल रस्त्याला चिकटावी, आणि फुटपाथवर चिटपाखरू नाही. वर्ध्याच्या एसटी स्टँडवर ज्याने जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या, तो माणूस दिवसभर फ्रिजची घरघर ऐकत बसायचा. त्याला वर्ध्याला जायचं होतं. तिथे टपरीवर कडाकडा भांडायला मित्र होते. बस, एवढंच. पण लेकरू एवढं मायेने करतंय, त्याच्या तोंडावर हे सांगायचं कसं?

आणि त्या घरात तोंडाने कोणी काही सांगतच नव्हतं. सून उपासना तशी गुणाची पोर. हॉस्पिटलातून दमून आली की डिशवॉशरमधली भांडी काढताना स्वतःचाच व्हिडिओ करून नेटवर टाकायची. मागे तेव्हा जिकडेतिकडे वाजणारा एक साउंड लावायची: पियानोचे रडके सूर आणि एका बाईचा उसासा. वर ओळ टाकायची, 'कधीतरी आपणही रिकामं व्हावं.' राकेश तिच्याच शेजारी सोफ्यावर बसून त्याला हार्ट द्यायचा, आणि नवरा-बायकोचं भांडण मिटायचं. पंडितरावांनी हा प्रकार नीट पाहिला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अस्सं! म्हणजे या घरात अर्ज करायचा योग्य मार्ग हा आहे तर.

शेवटी एसटीचा माणूस. योग्य मार्गाने अर्ज केल्याशिवाय त्याने कधी रजासुद्धा घेतली नव्हती. त्यांनी सुनेकडून व्हिडिओ करायचं शिकून घेतलं, इस्त्रीचा शर्ट चढवला, अंगणातल्या टपालपेटीजवळ ताठ उभे राहिले, आणि त्या रडक्या पियानोवर, गाडी पुकारायच्या आवाजात म्हणाले, "विषय, घरी जाणेबाबत. मला वर्ध्याला जायचं आहे. तरी विचार व्हावा. पंडित मेश्राम, निवृत्त वाहतूक नियंत्रक."

राकेशने ऑफिसातून भराभर हार्ट पाठवले. "बाबा, एक नंबर!"

पंडितरावांना वाटलं, झालं काम. रात्री जेवताना विषय निघेल म्हणून ते वाट बघत बसले. विषय निघाला तो गवत कापायच्या मशीनचा. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून रीतसर स्मरणपत्र दिलं. "मागील व्हिडिओचा संदर्भ घ्यावा. अद्याप उत्तर नाही."

हे स्मरणपत्र मात्र असं काही गाजलं की विचारू नका. ह्यूस्टनभरची मराठी माणसं त्याच साउंडवर आपापली स्मरणपत्रं करायला लागली. विहारात वंदना आटोपली की लोक सेल्फीसाठी पंडितरावांना गराडा घालायचे. इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्यांनी भरलेली ट्रॉली सोडून एक बाई धावत आली, डोळे पुसत म्हणाली, "काका, अगदी माझ्या मनातलं बोललात हो! मलाही नागपूरला जायचंय."

"मग जा ना," पंडितराव म्हणाले.

"छे हो, आत्ताच तर घर घेतलंय!"

तिथल्या मराठी मंडळाने उन्हाळी कार्यक्रमात त्यांना खास वीस मिनिटं दिली. राकेशने कौतुकाने ट्रायपॉड आणि गोल दिवा आणला. बापाच्या अर्जावर सही सोडून सगळं झालं!

एका रविवारी दुपारी जेवताना पंडितरावांचा संयम सुटला. फोन नाही, शर्टाला इस्त्री नाही. हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, "राकेश, मी कंटाळून गेलो रे. मला घरी जाऊ दे बाप्पा."

"अरे वा!" राकेश उठलाच. "उपासना, दिवा लाव. बाबा, हेच परत म्हणा, असंच."

उपासनाने दिवा लावला, साउंड लावला. पियानो रडला, बाईने उसासा सोडला. पंडितराव परत म्हणाले. "मान जरा वर," राकेश म्हणाला. ते मान वर करून पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला आणि डोळे वाहायला लागले.

"परफेक्ट! झालं बाबा, कट."

"कट काय कट? बापाचं बोलणं आहे हे!" पंडितरावांनी ताट सरकवलं. "खड्ड्यात गेलं ते कार्ड! मी इथे मरून राहिलो एकट्याने, आणि तू मान वर करायला सांगतो?"

राकेशने फोन खाली घेतला.

"म्हणजे तुम्हाला खरंच जायचंय?" तो कसाबसा म्हणाला. "मग बाबा, आधी सांगायचं ना!"

पंडितरावांना आधी हसूच फुटलं. ठसका लागेपर्यंत ते हसले, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागले. उपासनाने घाईघाईने साउंड बंद केला. पियानो थांबला, बाईचा उसासा थांबला. म्हाताऱ्याचं रडणं तेवढं चालू राहिलं.