नळीवरचं नाव

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर आमच्या इवायासारखा चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस मी अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा पाहिला नव्हता. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील, राहणार अमडापूर. घरात तूर, ज्वारी, वाल, भोपळा, साऱ्यांचं बी बाटल्यांत, आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: कोणाच्या वावरातलं, कोणत्या सालचं. आमच्याकडे मुक्कामाला आले तर चपलांनाही चिठ्ठी. "मोठ्या घरी वस्तू बदलतात," म्हणाले.

आमच्या दोघांची नात आठ वर्षांची. तिला फिट यायच्या. एका गोळीनं अंगभर पुरळ उठलं, दुसरीनं गुण नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकच गोळी एकाला मानवते, दुसऱ्याला बाधते, आणि त्याचं कारण पुष्कळदा रक्तात लिहिलेलं असतं. हजारो माणसांचं रक्त वाचून, ताडून पाहून, कोणाला काय मानवेल ते आम्ही शोधतोय. दोन्ही घरांचं रक्त द्या, हिच्यासाठीही वाट सापडेल. इवाई भावकीतली एकोणीस माणसं जीपमध्ये भरून घेऊन गेले. पण नळीवर नाव नाही, नुसता नंबर, हे कळल्यावर अडून बसले. "बाटलीवर नाव नसलं तं बी कोणाचं, कसं समजन बाई?" नाव गुपित ठेवायचं असतं हे पटायला अर्धा तास लागला. मग नंबर चिठ्ठीवर उतरवून घेतला, तेव्हा हात पुढं केला.

मी गेलो नाही. आमच्या घराण्यात खोट नाही, मग तपासायची कशाला? सुनेनं दोनदा विनवलं. महिन्यानं इवाई स्वतः येऊन ओट्यावर बसले.

"काऊन अडून राह्यले, इवाई?" त्यांनी मलाच विचारलं.

"खोट आमच्याकडची निघाली तं?"

"खोट नाही, वाण पाहून राह्यले ते. एकच फवारा साऱ्या वाणाले चालते का?"

मग ते हळूच म्हणाले, "माही लहान बहीण अशीच पडे. नऊ वर्षांची गेली. साऱ्या बियांची चिठ्ठी हाय मह्यापाशी, तिची काहीच नाही." बारा वर्षांच्या सोयरिकीत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी दवाखाना गाठला. नर्सबाईनं एक नळी भरली. मी हात तसाच ठेवला. "अजून एक घ्या. इवायानं एकच देल्ली म्हणतात." मग नंबर चिठ्ठीवर उतरवून घेतला, आणि खाली नातीचं नाव लिहिलं.