लिनबाई वाकायच्या

शाळा सुटल्याची घंटा झाली की लिनबाई पहिलीच्या पोरांसमोर कमरेतून वाकायच्या. आधी पोरं वाकायची, मग बाई, आणि पोरांइतकंच खाली. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हे दारातून पाहिलं आणि बाईंचं काही पडलं असावं म्हणून शोधायला लागलो.

"काय पडलं नाय, सावंत. तू पण वाक."

"बाई, मी मास्तर आहे."

"म्हणून तर. ती पोरं दिवसभर तुझं ऐकून घेतात. वाक, कंबर मोडत नाय."

मालाडहून मार्व्याला जाणाऱ्या रस्त्यावरची ही शाळा चिनी माणसांनी काढलेली. कोणी सुतार, कोणी दातांचे डॉक्टर, कोणी बूट शिवणारे. बाकं बाईंच्या वडिलांनी स्वतः ठोकली होती, दारावरच्या पाटीवरची चार चिनी अक्षरंही त्यांनीच कोरली होती. बासष्टच्या लढाईनंतर ती घरं पांगली. कोण कलकत्त्याला गेलं, कोण कॅनडाला. "मी पोरांची हजेरी घ्यायचे आणि पोलीस माझी," असं बाई सांगायच्या, भाजीचा भाव सांगावा तशा. मी लागलो तेव्हा शाळेत चिनी म्हणाव्यात अशा एकट्या बाईच उरल्या होत्या, आणि त्याही माझगावात जन्मलेल्या. पोरं सगळी कोळ्यांची, नाहीतर आमच्यासारख्या कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची.

एकदा पहिलीतल्या हिराजीची आई मनोरीहून होडीने भांडायला आली.

"बाई, माजा पोर घरी येऊन सगल्यांसमोर वाकतोय. सासूसमोर वाकला, ठीक हाय. कोंबड्यासमोर पन?"

बाईंनी विचार केला. "कोंबडा काय करतो त्याच्यासाठी?"

"काय करनार? पहाटे उठवतो."

"मग बरोबर आहे ना."

आई जाताना दोन पापलेटं ठेवून गेली. हिराजीचं वाकणं चालूच राहिलं.

पुढे गिरण्यांचा संप लागला. माझे वडील घरी बसले. त्याच सुमारास शाळेच्या ट्रस्टवर नवी माणसं आली. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. "बाईंचं आता वय झालं. त्यांच्या जागी हेडमास्तर तुम्ही व्हा. फक्त ते चिनी वाकणं बंद करा. पालक हसतात."

पालक हसत नव्हते. हसत असते तर मला सर्वांत आधी कळलं असतं. मी "बरं" म्हणालो.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या पेन्सिलींना टोक काढत होत्या.

"बरं म्हणालास?"

"हो."

"मग घरी जा आधी. वडलांना सांग. झकास बातमी आहे."

त्यांच्या शेवटच्या दिवशी घंटा झाली. पोरांनी मी शिकवल्याप्रमाणे उभ्याउभ्या "नमस्ते" म्हटलं. अध्यक्ष मागच्या भिंतीशी उभे होते. बाई पिशवी घेऊन दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि पोरांसमोर वाकल्या. मग माझ्यासमोर. तेवढंच खाली. मी ताठ उभा राहिलो. हातात खडू होता, तो घट्ट धरून ठेवला.

त्या कलकत्त्याला बहिणीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. अक्षरांची पाटी पुढच्याच सुट्टीत उतरली. बाईंच्या गोष्टी मी पुष्कळांना सांगतो, पण कोंबड्यापाशी थांबतो. आज पहिल्यांदा पुढे आलो.

परवा मार्व्याच्या जेट्टीवर एका दाढीवाल्या कोळ्याने मला पाहून डोक्यावरची माशांची पाटी खाली ठेवली आणि भर गर्दीत तो कमरेतून वाकला. "सर, वलखलं का? कोंबडेवाला."

होडीला थांबलेली माणसं बघायला लागली. मी वाकलो. हिराजीइतकंच खाली. पाठ आता पूर्वीची नाही, त्यामुळे जरा वेळ तसाच राहिलो.

"काका, काय पडलं का?" मागून एका मुलीने विचारलं.

"काय पडलं नाय," मी म्हणालो.