मुक्ताचं ताट

नात्यातल्या एका साखरपुड्याच्या पंगतीत माझी सतरा वर्षांची मुक्ता ताटासमोर बसली, कुर्ता जरा वर करून तिनं पोटावर इन्सुलिनचं पेन टोचलं आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. शेजारी बसलेल्या मामी दचकल्या. "अगं, शुगर आहे ना तुला?"

"आहे, पण तुमच्यासारखी नाही, मामी. मला वजन टिकवायचंय. इन्सुलिन घ्यायचं आणि पोटभर जेवायचं."

ती सहज बोलून गेली. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसांत चिकट कफ साठतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून तुपाची वाटी घेऊन तिच्यामागे धावतच मी तिला वाढवलं. गेल्या वर्षी त्याच आजारानं स्वादुपिंडही थकलं आणि रक्तातली साखर वाढली. मी घाबरून घरातलं सगळं गोड बंद केलं, भातसुद्धा मोजून वाढू लागले. दोन महिन्यांत पोर वाळली, खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, "ताई, हिचं ताट कमी करू नका."

म्हणजे माझ्याच हातांनी मी तिला अर्धपोटी ठेवलं होतं. तेव्हापासून तिला वाढताना माझा हात अडखळतो. कमी पडेल का, जास्त होईल का, काही कळत नाही. पूर्वी हा हात कधी विचारच करत नसे.

मुक्तानं वाटी संपवली आणि माझ्याकडे वळून बघितलं. "आई, तू अजून एक घासही घेतला नाहीस. जेव ना."